केवढ्याला असेल, सांग!

मराठी माणसाच्या अंगावरच्या कपड्याला चांगलं म्हणून बघा. तो आभार मानणार नाही, लाजणार तर नाहीच. तो दोन बोटांत बाहीचं टोक धरील, तुमच्या नाकापाशी आणील आणि विचारील, "केवढ्याला असेल, सांग!"

इथं सावध राहायचं. हा प्रश्न नसतो, सापळा असतो. किंमत अचूक ओळखलीत तर समोरच्याचा दिवस वाया जातो. कमी सांगितलीत तर येणंजाणं बंद होतं. वळण लागलेली माणसं मनात आलेल्या आकड्याच्या दुप्पट सांगतात. "आठशे तरी असेल बाई!" मग समोरची बाई क्षणभर थांबते, आजूबाजूला कुणी ऐकतंय याची खात्री करून घेते आणि पेढा भरवावा तसा आकडा तुमच्या तोंडात घालते. "दोनशे चाळीस!"

कपडा मुळात एवढ्यासाठी घ्यायचा असतो. ऊन, वारा, लज्जारक्षण वगैरे कारणं शाळेच्या पुस्तकात ठीक आहेत.

माझं माहेर सातारा आणि सासर सांगली. मधे सव्वाशे किलोमीटर, आणि नदी एकच. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेच्या गळ्यात पडते तेव्हा कृष्णा माहेरवाशिणीसारखी हसरी असते. सांगलीला येईपर्यंत तिला सासूपण आलेलं असतं. घरातलं कधी काय बाहेर काढील सांगता येत नाही. त्याबद्दल पुढं.

साताऱ्यात वारांच्या नावाच्या पेठा आहेत. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. माझ्या वडिलांना मात्र एकच वार कळायचा, कापडाचा. मीटर येऊन दोन दशकं झाली होती, तरी ते मोती चौकातल्या दुकानात जाऊन वारातच कापड मागत आणि दुकानदार मुकाट्यानं मनातल्या मनात गणित करून मीटरची पट्टी लावी. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या घराचं कापड फाडून घ्यायचं, म्हणजे भाव उतरतो, हा त्यांचा सिद्धांत. त्यातून त्यांचा शर्ट, दोन्ही भावांचे शर्ट, माझा फ्रॉक, आईचं पोलकं आणि उरलेल्यातून दोन पिशव्या, चार अभ्रे आणि रेडिओची खोळ. पहिल्या आंघोळीनंतर आम्ही ओळीनं उभे राहिलो की बँडपथक आलंय असं वाटे. एका दिवाळीला पाहुणे फराळाला आले आणि भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या मांडीवर उशी समजून कोपर टेकवून बसले. चूक त्यांची नव्हती.

शिंप्याला वडिलांची एकच सूचना असे, "वाढत्या अंगाचं शिवा." माझं अंग त्या फ्रॉकच्या मागं दोन वर्षं धावलं. गाठ पडायच्या सुमाराला फ्रॉक विटलेला असे आणि मग तो पुसणं होई. पण पुसणं व्हायच्या आधी एकदा मामेबहिणीकडं जाऊन येई. त्याला आमच्याकडं कुणी नाव दिलं नव्हतं. 'बघ तिला होतोय का' एवढंच म्हणत.

कपड्यानं दिपून जायचं नाही हा साताऱ्याचा स्वभाव आहे आणि त्याला थोडा इतिहासही आहे. ज्यांनी या गावाला राजधानी केलं त्या थोरल्या शाहू महाराजांची एक गोष्ट सांगतात. सरदार मंडळी नटूनथटून, दागिन्यांनी मढून दरबारात येऊ लागली. महाराजांनी आपल्या कुत्र्याला जरीचे कपडे चढवले, जवाहीर घातलं, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि आपण साध्या पांढऱ्या वेषात बसून पाहुण्यांचं स्वागत केलं. त्यानंतर महाराजांनी डोक्याला काही घातलं नाही, असंही म्हणतात. या कुत्र्यानं शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला होता, त्याला पालखीचा मान होता, आणि त्याची समाधी माहुलीला आजही दाखवतात. आता ज्या गावानं तीनशे वर्षांपूर्वी जरीतला कुत्रा बघितलाय, त्या गावाला तुम्ही छातीवर मगर चिकटवलेला शर्ट दाखवून काय दिपवणार?

सांगलीची गोष्ट वेगळी. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथंच रंगभूमीवर आणलं आणि मराठी नाटकाचा जन्म तिथून धरतात. मी लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच शनिवारी सासूबाईंबरोबर आठवडी बाजारात गेले, तेव्हा माझी खात्री पटली की भाव्यांनी फक्त पडदा लावला. नाटक आधीपासून चालू होतं.

सासूबाई जी वस्तू हवी आहे तिच्याकडे कधीही बघत नाहीत. निळा पडद्याचा कपडा हवा असेल तर त्या आधी तांबडा उचलतात, दोन बोटांत चुरगळतात आणि दुःखी होतात. "काय वं, मांजरपाट आहे का हे?" विक्रेता त्यांच्यापेक्षा दुःखी होतो. "आई, खरेदीसुद्धा नाही हो तेवढ्याची!" मग सासूबाई जणू सहज लक्ष गेलं म्हणून निळ्याकडं बोट करतात. तो तीनशे म्हणतो. त्या सव्वाशे म्हणतात. तो आकाशाकडं बघतो. त्या माझ्याकडं बघतात. माझं काम अशा वेळी "चला आई, घरी आहेत की पडदे" एवढं वाक्य म्हणण्याचं असतं. सुरुवातीला मी ते वाक्य विसरायची किंवा मनापासून म्हणायची. दोन्ही चूक.

मग तो सांगतो की भवानीची वेळ आहे, म्हणून केवळ तुम्हाला दोनशेला. संध्याकाळचे सात वाजलेले असतात. सात वाजता भवानी कुठली, असं विचारायचं नसतं. नाटकात रामाचं काम करणाऱ्याला घरचं नाव विचारतं का कुणी?

आता पाठ फिरवायची. यात फार मोठं शास्त्र आहे. तिसऱ्या पावलाला थांबलं तर आपली गरज उघडी पडते. दहाच्या पुढं गेलं तर त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळतं. सासूबाई सहा पावलं ठामपणे चालतात आणि सातव्याला चपलेचा अंगठा नीट करायला वाकतात. मागून हाक येते, "या, घेऊन जा दीडशेला!" सप्तपदीसारखं आहे ते. सातवं पाऊल पडलं की बंधन पक्कं.

ही विद्या त्यांना कुठून आली, तर माहेराहून. त्या आटपाडीकडच्या. लहानपणी वडिलांचं बोट धरून खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला जात. तिथला खिलार जनावरांचा बाजार प्रसिद्ध. दलाल उपरण्याखाली हात घालतात, समोरच्याची बोटं दाबतात आणि चेहऱ्यावरची माशी न हलवता सौदा ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असतात, आकडा मात्र दोघांनाच कळतो. सासूबाई म्हणतात, "बैलाचा भाव कापडाखाली ठरतो, कापडाचा भाव उघड्यावर. म्हणून कापडाला जास्त अक्कल लागते."

या सगळ्यात माझे यजमान हा मोठा अडथळा आहे. ऐन रंगात आलेल्या सौद्यात हा माणूस म्हणतो, "चांगलं आहे की, घेऊन टाका." त्या एका वाक्याची किंमत आमच्या घराला आजवर काही हजार रुपये पडली आहे. आता बाजारात शिरण्यापूर्वी त्यांना भेळेच्या गाडीपाशी उभं करतो. ते भेळ खातात, आम्ही येताना घासाघीस करून त्या भेळेचे पैसे कमवून आणतो.

पण खरं सुख ढिगाचं. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर डोंगर आणि वर उभा असलेला पोरगा टाळ्या वाजवत ओरडतोय, "कोणताबी घ्या शंभर!" साताऱ्याची माणसं अजिंक्यताऱ्यावर चढतात, सांगली सपाट आहे, म्हणून इथली माणसं ढिगावर चढतात. ढिगाच्या वरचा थर नवशिक्यांसाठी असतो. जाणत्या बायका कोपरापर्यंत हात घालून खालचं चाचपतात. डोळ्यांनी काही दिसत नाही, बोटांना सूत कळतं. काही लागलं की ओढायचं. बऱ्याचदा ढिगाच्या पलीकडच्या बाजूनं दुसरी बाई त्याच कुर्त्याची दुसरी बाही ओढत असते. दोघींची नजरानजर होते. अशा वेळी भांडायचं नसतं. "तुम्हाला नाही बसायचा हो हा, मुलीसाठी घेताय का?" असं मायेनं विचारायचं. समोरची तेवढ्यात बाही सोडते, कारण तिला आपल्या कमरेची काळजी लागते.

हाती आल्यावर उजेडाकडं धरायचं. काखेची शिवण, कॉलरची घडी, चेन वरखाली, बटणं मोजायची. रंग जाईल का, हे विचारायचं खरं, पण उत्तर मनावर घ्यायचं नाही. "गेला तर आणून द्या," असं सांगणारा माणूस पुढच्या शनिवारी तिथं असतोच असं नाही. लेबल अर्धं कापलेलं असेल तर 'एक्सपोर्टचा माल' म्हणतात. परदेशात पाठवायचा होता, काहीतरी खोट निघाली म्हणून आपल्या नशिबी आला. यजमानांकडं असा एक फार सुरेख शर्ट आहे. त्याची डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब आहे. तो घातला की मनगटावरचं घड्याळ दिसत नाही, म्हणून त्या दिवशी ते कचेरीत उशिरा जातात आणि तसं कारणही सांगतात.

आम्हा लोकांना कापडाचा भाव सांगणं तसं कठीणच. इचलकरंजी तासाभरावर. तिथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या खडखडाटातून अख्खं शहर उभं राहिलं. इकडं विट्यातही माग. त्यामुळं सांगलीत प्रत्येकाचा कुणीतरी एक मावसभाऊ मागावर असतो आणि तो 'आपल्याला मागाच्या भावात' देणार असतो. हा मावसभाऊ मी गेली पंचवीस वर्षं ऐकते आहे. प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण दुकानदारावर त्याचा धाक बसतो.

लग्नाचा बस्ता मात्र कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला. साताऱ्याचे असोत, सांगलीचे असोत, कोकणातले असोत, बस्ता बांधायचा म्हटलं की गाड्या भरून माणसं तिकडं निघतात. नवरी-नवरा सोडून सगळ्यांना मत असतं. एकदा आम्ही एकोणीसजण एका साडीसाठी दोन तास बसलो होतो आणि ती साडी ज्या आत्याबाईंसाठी होती त्यांनी ती नेसलीच नाही, पुढं कुणाच्या तरी ओटीत घातली. मानपानाच्या साडीचं तसंच असतं. आमच्याकडं एक जांभळी साडी तीन वास्तुशांती आणि दोन डोहाळजेवणं करून परत आली. घडी मोडलेली नाही. न नेसताच जुनी झाली बिचारी.

या गांधीनगरची गोष्ट फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक असते. तिथंच वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, पोलंडहून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली आणि फाळणीनं घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं त्या जागी आली. ज्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी निघावं लागलं, त्यांच्या वस्तीत आज चार जिल्ह्यांची लग्नं कपडे घ्यायला येतात. तिथं घासाघीस करताना माझा आवाज थोडा खाली येतो. सासूबाईंचा येत नाही. त्या म्हणतात, "त्यांनी धंदा मानानं केला, आपण भाव मानानं पाडायचा."

सासूबाईंना आता सारखं गांधीनगर आठवतं, कारण २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. मला २०२३ पासून अर्धं तिकीट. त्या अर्ध्या तिकिटाकडं त्या जरा कीव करून बघतात.

आणि मग गेल्या दिवाळीला पुण्याहून नणंदेची मुलगी आली. गुडघ्यापर्यंत येणारं, मऊ, करड्या लोकरीचं जॅकेट घालून. सांगलीत दिवाळीला लोकर लागत नाही, पण ते दाखवायला घातलेलं होतं हे आम्ही दोघींनी ओळखलं. मी कर्तव्य म्हणून म्हटलं, "काय सुंदर आहे गं!"

तिनं बाही पुढं केली. रक्त कुठं जातंय? "केवढ्याला असेल मामी, सांग!"

मी दोन हजार म्हटलं. सहाशे होतं.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. लोकर चुरगळून पाहिली, अस्तर उलटं केलं. "सहाशेला? कुठं?"

"थ्रिफ्ट केलं आजी."

"म्हणजे कुठल्या पेठेत?"

मग तिनं समजावून सांगितलं. मोबाईलवर एक पान असतं, त्यावर रात्री आठ वाजता जुन्या कपड्यांचे फोटो टाकतात, जो पहिल्यांदा 'बुक्ड' लिहील त्याचा तो कपडा. दोन सेकंद उशीर झाला की गेला. जुना म्हणायचं नाही, 'प्री-लव्ह्ड' म्हणायचं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आधी कुणीतरी त्याच्यावर प्रेम केलेलं आहे."

"प्रेम होतं तर टाकलं कशाला?"

त्याला उत्तर नव्हतं. पण सासूबाईंना याहून मोठा धक्का पुढं बसायचा होता. त्यांनी विचारलं की त्यानं मूळ किती सांगितले होते आणि तू किती पाडलेस. पोरगी म्हणाली, भाव करायचा नसतो, लिहिलेले असतात तेवढे द्यायचे. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सहाशेला सहाशे दिलेस? अगं, मग स्वस्त कसं म्हणायचं त्याला?"

आणि जॅकेट असं दोन बोटांनी लांब धरून त्यांनी तिच्या हातात दिलं. "बोहारणीला द्यायचं ते तू विकत घेऊन आलीस."

बोहारणीचा उल्लेख झाला म्हणून सांगते. आयुष्यभर भाव पाडणाऱ्या माझ्या सासूबाईंना हरवणारी एकच बाई मी पाहिली, ती आमची बोहारीण. इथं पारडं उलटं असतं. आपण विकणारे, ती घेणारी. दारात फतकल मारून बसते, पॅन्ट उचलते आणि थेट बैठक उन्हाकडं धरते. माणसानं ती पॅन्ट घालून किती वर्षं खुर्चीवर काढली हे तिला एका नजरेत कळतं. सासूबाई त्या पॅन्टचं वर्णन मुलीचं स्थळ सांगावं तसं करतात. ती नुसती "हूं" म्हणते. चार पॅन्ट, तीन शर्ट आणि एक जरीकाठी साडी यांवर स्टीलचा डबा ठरतो. सासूबाई विजयी चेहऱ्यानं डबा उचलतात, तेव्हा ती म्हणते, "झाकण पायजे आसंल तर आनि एक साडी काडा." आमच्या फडताळात बिनझाकणाचे चार डबे आहेत.

तिच्या गाठोड्यातलं पुढं कुठं जातं, हे मी मध्यंतरी वाचून काढलं. असे कपडे धुऊन, रफू करून, बटणं लावून पुन्हा रस्त्यावरच्या बाजारात उभे राहतात. दिल्लीत रघुवीर नगरला त्यांचा बाजार पहाट व्हायच्या आत भरतो. परदेशातून येणारे टाकलेले कपडे वेगळेच, तेही गठ्ठ्यांनी येतात, आणि ज्यांत जीव उरलेला नाही असे लोकरीचे कपडे हरियाणात पानिपतला फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून त्यांची ब्लँकेटं होतात. पानिपतावर आपलं काय काय गेलं याची यादी मराठी माणसाला पाठ असते. त्यात स्वेटर घालायला हरकत नाही. आणि गंमत अशी की १९०५ च्या दसऱ्याच्या सुमाराला पुण्यात सावरकरांनी विदेशी कपड्यांची होळी केली, आणि आज त्याच पुण्यातली मुलगी विदेशी कापड, तेही कुणीतरी वापरून टाकलेलं, रात्री आठ वाजता डोळे लावून बसून मिळवते. हे मी पोरीला ऐकवलं. ती म्हणाली, जाळण्यापेक्षा घातलेलं बरं ना मामी. पिढी हुशार आहे.

सासूबाईंचं मात्र 'दुसऱ्याचं जुनं' म्हटलं की तोंड वाकडं होण्याचं कारण सोवळं नव्हे. कारण २०१९ चं आहे. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची खूण पंचेचाळीसला आहे. आमचं घर विश्रामबागेकडं उंचावर, आम्ही कोरडे राहिलो. पण गावात, मारुती रोडला, हरभट रोडला, कापड पेठेत दुकानांत पाणी शिरलं आणि दिवसच्या दिवस बसून राहिलं. मग ट्रक यायला लागले. धान्य आलं, औषधं आली, सगळा महाराष्ट्र धावून आला, ते विसरायचं नाही. पण त्यात जुन्या कपड्यांचे गठ्ठेही आले. काही चांगले होते. काही असे होते की बोहारीण पायानं बाजूला सारील. एका नाक्यावर कुणी न घेतलेल्या कपड्यांचा ढीग चिखलात पडून होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "यातलं एक तरी पाठवणाऱ्यानं उन्हाकडं धरून बघितलं होतं का?"

पाणी ओसरल्यावर दुकानदारांनी भिजलेला माल बाहेर काढला. दोऱ्या बांधून साड्या वाळत घातल्या होत्या. सबंध रस्त्याला ओल्या सुताचा वास. मिळेल त्या भावाला विकणं चालू होतं आणि ही गर्दी. मी सासूबाईंच्या मागं उभी राहून माझं वाक्य तयार ठेवलं होतं, "चला आई, घरी आहेत की साड्या." त्यांनी एक हिरवी सुती साडी उचलली. दुकानदार ओळखीचा, वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडलेला. तो म्हणाला, "तीनशे द्या आई." सासूबाईंनी पदराच्या गाठीतून तीनशे काढून दिले. एक शब्द बोलल्या नाहीत. पिशवी घेतली आणि चालायला लागल्या, आणि सातव्या पावलाला वाकल्या नाहीत. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. असं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या साडीवर निऱ्यांच्या मध्ये पाण्याची एक पिवळसर रेघ आहे. शिकेकाईनं गेली नाही, रिठ्यानं गेली नाही. त्या ती साडी नेसतात तेव्हा कुणी चांगली म्हटलंच तर किंमत विचारत नाहीत. "जुनी आहे," म्हणतात.

तर जॅकेट. पोरगी रुसली. रात्री तिनं त्याची घडी करताना खिशात हात घातला तर आतल्या अस्तराच्या खिशात एक चिठ्ठी सापडली, दोन वेळा घडी घातलेली, चौकोनी-गोल अक्षरांची. कोरियन असावं, ती म्हणाली. तिकडचे टाकलेले कपडे भारतात खूप येतात. तिनं मोबाईल चिठ्ठीवर धरला, आणि मोबाईलनं मराठी करून दाखवलं. लाँड्रीची पावती होती. लोकरी कोट, एक नग, ड्रायक्लीन, पैसे पोचले.

सासूबाईंनी चष्मा लावून मोबाईल दोनदा वाचला. "पैसे पोचले म्हणजे धुऊन झालेलं आहे."

"हो आजी."

"टाकताना धुऊन, इस्त्री करून टाकलंय. बरी माणसं दिसतात." त्यांनी जॅकेट घेतलं, ट्यूबलाइटकडं धरलं, काखेची शिवण पाहिली, बटणं मोजली. सहाच्या सहा होती. मग सहज बघते म्हणून अंगात घातलं. लुगड्यावर ते विचित्र दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

पोरगी चार दिवसांनी पुण्याला गेली, तेव्हा पुण्यात अजून ऊनच आहे या कारणावरून जॅकेट सांगलीत राहिलं. मग थंडी पडली. एका शनिवारी सासूबाई ते घालून बाजाराला निघाल्या. कोपऱ्यावर शेजारच्या काकू भेटल्या, थांबल्या, वरखाली बघत राहिल्या. "काय वं, केवढं झकास आहे हे! नवीन?"

सासूबाईंनी दोन बोटांत बाहीचं टोक धरलं. "केवढ्याला असेल, सांग!"

काकू वळणाच्या. त्या अडीच हजार म्हणाल्या.

सासूबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "फुकट!"

नणंदेची मुलगी दर रविवारी फोन करते आणि शेवटी जॅकेटचं विचारते. सासूबाई म्हणतात, बोहारीण येऊन जाऊ दे, मग बघू.